एका लाकडी बैलाची कायदेशीर वाटणी

महाल वस्तीतल्या बाबूलाल आणि गोविंदा या सख्ख्या भावांनी वडिलांमागे घर, दुकान आणि गच्ची कसलीही कुरबूर न करता वाटून घेतली. उरला तो एक लाकडी बैल. वडील विणकर होते. हातमाग बंद पडला तेव्हा त्याच्याच लाकडातून त्यांनी हा बैल कोरला आणि त्याला चार चाके लावली. बाबूलालची भारती आणि गोविंदाचा पंकज दर तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलांच्या पोळ्याला, तो एकाच दोरीने ओढत गल्लीभर मिरवत. दोन मुले आणि एक बैल ही परिस्थिती कायद्याच्या दृष्टीने अत्यंत अनियमित होती. ती दुरुस्त व्हावी म्हणून गेल्या वर्षीच्या पोळ्यानंतर गोविंदाने दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा लावला.

मी त्या न्यायालयात बत्तीस वर्षे कारकून होतो. आता गल्लीतल्या मुलांचा अभ्यास घेतो. त्यामुळे प्रकरण प्रथम माझ्याकडेच आले.

"आजोबा, पुढच्या तान्ह्या पोळ्याले आमाले बैल भेटन ना?" भारतीने विचारले.

"भेटेल. कोर्ट आधी त्याला सुरक्षित ठेवेल," मी म्हणालो.

कोर्टाने ठेवला. पहिल्याच पेशीला हुकूम झाला की बैल 'जैसे थे' राहावा, जागेवरून हलवू नये, त्याच्या स्थितीत बदल करू नये. हुकूम झाला त्या घटकेला बैल बाबूलालच्या न्हाणीघरात होता, कारण भारती त्याला धूत होती. आंघोळ केली तर पाणी उडणार, पाणी उडाले तर बैलाची स्थिती बदलणार. तेव्हा बाबूलालचे सगळे कुटुंब रोज टॉवेल घेऊन गोविंदाकडे आंघोळीला जाऊ लागले. तिथे दोन्ही भाऊ बादलीच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांशी फक्त वकिलामार्फत बोलत.

"याच्यावर अपील होते का?" पंकजने विचारले.

"होते. मनाई हुकमावर अपील करता येते."

बाबूलालने केले. अपिलात त्याला तारीख मिळाली. मग दुसरी तारीख मिळाली.

"अन् तारखेवर?"

"नाही बाळा. तारीख दिल्याने कोणाचा हक्क ठरत नाही. म्हणून तिच्यावर अपील नाही."

"पण दुखते तर तेच."

मुलगा हुशार आहे. मी त्याला पाढे म्हणायला लावले.

पुढे प्राथमिक हुकूमनामा झाला. दावा इतक्या झपाट्याने पुढे सरकला की दोन्ही वकील खचून गेले. बैलात प्रत्येक भावाचा हिस्सा अर्धा. यावर अपिलाची मुदत तीस दिवस, हे मी दोघांनाही सांगितले. पण आपला अर्धा म्हणजे शिंगांकडचा, असे दोघांनी मनात धरले होते. दोघांनीही पेढे वाटले. एकतिसाव्या दिवशी कोर्ट कमिशनर फूटपट्टी घेऊन न्हाणीघरात शिरले. त्यांच्या अहवालात बैलाच्या चतुःसीमा दिल्या होत्या: पूर्वेस तोंड, पश्चिमेस शेपूट, दक्षिणेस नळ, उत्तरेस भारती. शेपूट जिन्याप्रमाणे सामाईक ठेवावी, अशी शिफारस होती.

त्या संध्याकाळी बाबूलाल माझ्याकडे धावत आला. "वामनकाका, बैल कापून राहिले गा ते. थांबवता येते का?"

"प्राथमिक हुकूमनाम्यावर तेव्हाच अपील करायचे होते. आता उशीर माफ करावा म्हणून अर्ज कर. उशिराचे कारण लिहावे लागेल."

"काय लिहू?"

"खरे ते लिही."

त्याने कागद पुढे ओढला. "खरं म्हणजे, खुशीत होतो."

हे कारण कायद्यात बसत नाही. म्हणून कापणे टळत नाही असे पाहून भावांनी तडजोड केली. शिंगांकडचा अर्धा थोरल्या बाबूलालला. मागचा अर्धा गोविंदाला, आणि त्याबदल्यात शेपूट पूर्णपणे त्याच्या मालकीची. दोघांनी सह्या केल्या, त्याप्रमाणे अंतिम हुकूमनामा झाला, आणि दोन पंचांसमक्ष सुताराने करवत चालवली.

पुढचा अर्धा जमिनीवर ठेवला की मागे कलंडे. मागचा ठेवला की पुढे कलंडे.

"आता तरी अपील?" भारतीने विचारले.

"संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील नसते, बाळ."

"आमची संमती कोणी घेतली?"

मी चष्मा पुसला. बत्तीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

तान्ह्या पोळ्याच्या दोन दिवस आधी मुलांनी दोन्ही अर्धे सुतळीने करकचून बांधले. बैल चालू लागला. ते पाहून दोन्ही भाऊ वर्षभरात प्रथमच एका स्कूटरवर बसले, एकच वकील केला आणि संयुक्त अर्ज दिला की मुलांनी न्यायालयाने केलेली वाटणी बेकायदा मोडली आहे, सबब सुतळी ताबडतोब सोडवावी. अर्जाला पोळ्यानंतरची तारीख मिळाली.

"काका, ह्या तारखेवर अपील?" दोघे भाऊ एका आवाजात म्हणाले.

"नाही," पंकजनेच सांगितले. "तारखेने हक्क ठरत नाही, बाबा. चाल वं भारती."

तान्ह्या पोळ्याला बैल सगळ्या गल्लीतून फिरला, कमरेतून जरासा लचकत. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि दोन्ही बापांना मनसोक्त नावे ठेवली. धरमपेठेतून नातवंडांना मुद्दाम घेऊन आलेले एक गृहस्थ मला म्हणाले, "एका खेळण्यासाठी कोर्टात जातात, काय ही माणसे." मग नातवंडे पुढे गेल्यावर त्यांनी मला भिंतीकडे घेतले आणि आवाज खाली आणून विचारले, "शिंगांकडचा अर्धा मिळवायचा, तर अर्जात नेमके काय लिहावे लागते?"

तुम्हालाही तेच विचारायचे असेल, तर संकोच करू नका, रांगेत या. पुढे अकरा जण आहेत. चौथा तुमचा भाऊ आहे.