कुंडलिक भावजींचं मयत

माणसानं मरायचं तर नीट मरावं, नाहीतर नीट जगावं. आमच्या कुंडलिक भावजींना दोन्हीतलं एकही धड जमलं नाही, आणि त्याचा सगळा ताप मला झाला. वर तोंड करून मलाच विचारतात, वैनी, तुमी माज्यावर रागावलाय का.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन जेऊरच्या या घरात आले तेव्हा बारा वर्षांची होते आणि ते तीन. दोन वर्षांनी सासूबाई गेल्या. जाताना त्यांनी पोराचा हात माझ्या हातात दिला आणि सांगितलं, ह्याचं जे काय व्हायचं ते ह्या घरातनं आन् तुज्या हातानं व्हऊ दे. तेव्हापासून त्यांचं न्हाणंधुणं, खाणंपिणं, लग्न, सगळं माझ्या हातानं झालं. ज्या पोराचा शेंबूड पुसला त्यालाच भावजी म्हणायचं, ही आपल्यातली रीत. मी ती पाळते. त्यांची बायको अठरा सालच्या तापाच्या साथीत गेली. दुसरी करा, दुसरी करा म्हणून मी पुढं बारा वर्षं घसा कोरडा केला, पण ऐकलं नाही. कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात कामाला आहेत, एका खोलीत एकटे राहतात, हातानं भाकरी थापतात. त्या भाकरी मी बघितल्या आहेत. त्यांच्याविषयी काही बोलत नाही.

तर त्या गुरुवारी सकाळी पोस्टमननं कार्ड आणलं. कार्डाचा कोपरा फाडलेला. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेलं, हे अडाण्यालाही कळतं. पोस्टमन म्हणाला, वाचून दाखवू का. मी म्हणाले, मला येतं. मी मराठी दुसरीपर्यंत शिकले आहे आणि आमच्या आख्ख्या आळीत अक्षर ओळखणारी बाई मी एकटी. तो गेल्यावर उंबऱ्याबाहेर उभी राहून अक्षराला अक्षर लावत पहिली ओळ वाचली. कुंडलिक हे काल कुर्डुवाडी मुक्कामी वारले.

मयताचं कार्ड घरात घेत नाहीत. वाचलं की बाहेरच फाडायचं. माझे हात आपोआप चालले. चार तुकडे केले, आठ केले, खाली टाकले. मग ध्यानात आलं की त्या ओळीखाली आणखी ओळी होत्या. पाच-सहा तरी असतील. तोवर शेळीनं तोंड घातलं होतं. तिचा जबडा उघडून मी एक तुकडा सोडवला. त्याच्यावर 'कळावे' एवढंच होतं.

आता माणूस गेल्याचं कळलं की लोक दोनच गोष्टी विचारतात, कशानं गेला आणि मयत कुठं आहे. शेतातून आमचे मालक धावत आले, त्यांनीही तेच विचारलं. एकच ओळ वाचली असं मी सांगितलं असतं, तर दुसरीपर्यंतचं शिक्षण त्या दिवशीच संपलं असतं. मी म्हणाले, ताप आला असंल. भावकीतले येडूतात्या म्हणाले, इंजिनाचं काम, इंजिनानंच गेला असणार. मी नाही म्हणाले नाही. चुलतसासू सोनाबाईंना दिसत नाही, पण सुचतं फार. त्या म्हणाल्या, एकटं लेकरू, खोलीत पान लागलं असंल. त्यांनाही मी नाही म्हणाले नाही. दुपारपर्यंत भावजी वरच्या आळीत तापानं, खालच्या आळीत इंजिनाखाली आणि विहिरीवर साप चावून गेले होते.

मयताचं मात्र मी स्वतःच्या तोंडानं सांगितलं, आणायला बोलावलंय म्हणून. कार्डात तसं असो वा नसो, सासूबाईंना दिलेला शब्द होता. माझ्या घरच्या माणसाला परक्या गावात परक्यांनी उचलायचं, हे मी होऊ दिलं नसतं. मालक भावकीतले दोघे घेऊन बाराच्या गाडीनं कुर्डुवाडीला गेले. जाताना एवढंच म्हणाले, "समदं नीट कर. लोकांनी नाव ठेवाया नगं."

नीट करायला गेलं की येडूतात्या मध्ये येतात. लग्नाकार्यात त्यांना कुणी विचारत नाही, म्हणून मयताला ते कुणाचं ऐकत नाहीत. आल्याआल्या त्यांनी आमच्या बांधावरची बाभळ तोडायला लावली. ती मी गाडीच्या चाकासाठी राखली होती. मी म्हणाले, भावजी काठीसारखा माणूस, त्याला एवढं सरपण कशाला. तात्या म्हणाले, वाळक्या अंगाला जास्त लागतं. बाभळ आडवी झाल्यावर त्यांना आठवलं की ओलं लाकूड जळत नाही. मग माळवदासाठी आणून ठेवलेल्या माझ्या दोन सागवानी तुळया गेल्या. तिरडीला कळक आले, कडबा आला, कुंभाराचं मडकं आलं. कापड आखूड निघालं म्हणून पुन्हा माणूस पेठेत धाडला. तिरडी कुणाच्या मापानं बांधायची यावर अर्धा तास गेला. शेवटी तात्यांनी स्वतः आडवं पडून माप दिलं आणि मग त्यांचा तिथंच डोळा लागला. येणारी माणसं त्यांच्याच पाया पडू लागली, तेव्हा मी त्यांना उठवलं.

आत बायका रडायला बसल्या होत्या. आमच्याकडं नुसतं रडत नाहीत, गेलेल्याचे गुण आठवून आठवून रडतात. आता भावजींचे गुण त्यांना आठवेनात. सोनाबाईंनी सूर लावला, की माझ्या लेकरा, तू माझ्या चुलीवरचं दूध किती वेळा सांडलंस रे. दुसरी म्हणाली, माझ्या परसातले पेरू तूच चोरलेस. तिसरीला तेही आठवेना, तिनं आपल्याच नवऱ्याचे गुण सुरू केले आणि तो जिवंत बाहेर बसलेला. मला संताप आला. मी दारात उभी राहून सांगितलं, बायांनो, ह्या माणसानं दर दिवाळीला सोनाबाईंना लुगडं आणलंय, माझ्या लेकीच्या बाळंतपणात वैद्याला आणायला भर उन्हात करमाळ्यापर्यंत चालत गेलाय, ते म्हणा. तेव्हा त्यांनी ते म्हटलं, पण पाठ करून म्हटल्यासारखं. डोळ्यांतून पाणी कुणाच्याच आलं नाही.

माझ्याही नाही. यायला लागलं की कुणीतरी हाक मारायचं. मी चार वर्षांच्या भावजींना काखेत घेऊन पाण्याला जायची, ते मला आठवलं, तेवढ्यात तात्यांनी गुलाल मागितला. पुन्हा आठवलं, तर सुतळी मागितली. तिसऱ्यांदा मी तुळशीमागं जाऊन उभी राहिले, तिथं तात्या तूप विचारत आले. माणसाला घटकाभर दुःख करू देत नाहीत. मी मनाशी म्हटलं, आधी हे मयत निघू दे, मग काय रडायचं ते रडेन.

आता तिकडं काय झालं ते सांगते. मालक ज्या गाडीनं कुर्डुवाडीला गेले तिची आणि तिकडून येणाऱ्या गाडीची केमच्या ठेसनात गाठ पडते. एका गाडीत मयत आणायला निघालेली माणसं होती. दुसऱ्या गाडीत मयत होतं, पेढ्यांचा पुडा घेऊन.

केमच्या पुढं त्या गाडीचं इंजिन बिघडलं, म्हणून दिवस कलल्यावर भावजी ठेसनातून आळीत शिरले आणि लांबूनच त्यांना लाकडं दिसली, तिरडी दिसली, माणसं दिसली. ओट्यावर नेहमी बसतात ते थोरले भाऊ तेवढे दिसले नाहीत. पेढ्यांचा पुडा तिथंच धुळीत पडला. डोक्याचं उपरणं तोंडावर धरून ते पळत आले आणि तिरडीवर कोसळून रडायला लागले. असं रडत येणारी माणसं सकाळपासून येतच होती, त्यामुळं कुणी मान वर केली नाही. तात्यांनी खाली न बघताच पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, उगी बाबा, समद्यांनाच जायाचं हाय. तिरडीचा कडबा विस्कटू नगंस.

मी तुपाची वाटी घेऊन बाहेर येत होते. ते रडणं ऐकलं आणि उंबऱ्यातच थांबले. भावजी लहानपणापासून तीनदा हुंदका देतात आणि मग एक उचकी. ती उचकी मी पस्तीस-चाळीस वर्षं ओळखते. जाऊन मी उपरणं ओढलं.

पहिले तात्या बोलले, आणि ते चिडूनच. "तू हितं कसा? तुला तर आनाया गेल्यात."

"दादा कुटं हाय?" भावजींनी विचारलं.

"तुलाच आनाया गेलाय म्हनतोय न्हवं."

मग सगळं बाहेर आलं. चार दिवसांपूर्वी वर्कशॉपातून येताना भावजींच्या डोक्यावर कावळा बसला. डोक्यावर कावळा बसला म्हणजे मरणाचा निरोप, हे कुणाला सांगायला नको. त्यावर उताराही सगळ्यांना माहीत आहे. जवळच्या माणसाला खोटंच मेल्याचं कळवायचं, ते माणूस खरंखुरं रडलं की अरिष्ट टळतं, आणि लगेच दुसरा निरोप द्यायचा की खोटं होतं. पण आमचे भावजी. दुसऱ्या निरोपाला दुसरं कार्ड लागतं, ते त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी कारकुनाकडून एकाच कार्डावर वर मेल्याचं लिहवलं आणि खाली, की हे खोटं हाय, वैनींनी आधी वरचं वाचून रडून घ्यावं, मग खालचं वाचावं, म्या गुरुवारी जेवाया येतो.

"खालचं वाचलं न्हाई का कुनी?" भावजी म्हणाले.

सगळी भावकी माझ्याकडं बघायला लागली. मी सांगितलं, खालचं शेळीनं वाचलं. मयताचं कार्ड वाचत बसायचं नसतं, फाडायचं असतं, हे ज्याला चाळिसाव्या वर्षी ठाऊक नाही त्यानं कार्ड लिहू नये. भावकीला ते पटलं. माणसांनी माना डोलावल्या. मला वाटलं, झालं, आता सगळे घरी जातील.

पण भावजी जागचे हलेनात. त्यांनी एकेकाकडं बघत विचारलं, "मंग रडलं कोन?"

बायका पदर नीट करू लागल्या. सोनाबाई म्हणाल्या, सूर मी लावला होता, पाणी काय ह्या डोळ्यांना येत नाही. दुसरी म्हणाली, मी निम्मं रडले. भावजींचा चेहरा उतरत चालला. त्यांना खरंच भीती वाटली होती. तात्यांनी त्यातून वाट काढायचं ठरवलं. ते म्हणाले, तिरडीवर रक्ताच्या माणसाचं पाणी पडलं म्हणजे झालं, आणि कुंडलिकाएवढा कुंडलिकाच्या रक्ताचा दुसरा कोण. त्यावर दोन तट पडले. एकाचं म्हणणं, स्वतःचं स्वतः रडलेलं चालत नाही. दुसऱ्याचं म्हणणं, तो स्वतःसाठी रडलाच नाही, भावासाठी रडला, म्हणजे आता थोरल्या भावाचं अरिष्ट टळलं. ज्याच्या डोक्यावर कावळा बसलाच नव्हता त्याचं. मग कुणीतरी म्हणालं, बायांनो, आता रडून घ्या, त्यात काय. बायका पुन्हा बसल्या. पण माणूस समोर बसून पोरांनी उचलून आणलेले धुळीतले पेढे झटकतोय आणि त्याच्यासाठी रडायचं, ते कुणाला जमेना. एकीला हसू फुटलं.

भावजींनी तिकडं बघितलंच नाही. ते माझ्याकडं बघत होते. "वैनी, तुमी बी न्हाई?"

मी म्हणाले, मला वेळ कुठं होता.

ते काही चिडले नाहीत. खाली बघून म्हणाले, "तिकडं माज्यासाठी रडाया कोन बी न्हाई. म्हनून तर तुमाला कार्ड टाकलं."

एवढं बोलून ते पुन्हा पेढे झटकू लागले. माझ्या हातात तुपाची वाटी तशीच होती. तूप बरणीत परत ओतते असं सांगून मी आत गेले. अंधाऱ्या खोलीत बरणी उघडली. निम्मं तूप बरणीत गेलं, निम्मं बाहेर. तिथं मी किती वेळ होते ते मला ठाऊक नाही. आत यायचं धाडस तात्यांनाही झालं नाही. बाहेर आले तेव्हा माझा पदर पार भिजला होता. तो तुपानं भिजला, असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि विचारण्याची कुणाची हिंमत झाली नाही.

तेवढ्यात मालक शेवटच्या गाडीनं परतले. कुर्डुवाडीत दिवसभर ते भावाचं मयत मागत हिंडले होते. खोलीला कुलूप, आणि वर्कशॉपात जो तो सांगे की कुंडलिक तर सकाळीच रजा काढून गावाला गेला. अंगणात भाऊ बसलेला बघून ते त्याच्याजवळ गेले, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाले, "मेला न्हाईस व्हय," आणि पाणी मागितलं. दिवसभरात शहाण्यासारखं बोललेला तो एकटाच माणूस.

भावजी मात्र अजून माझ्या पदराकडं बघत होते. उठून जवळ आले. विचारायला तोंड उघडणार, एवढ्यात मीच बोलले. आख्ख्या भावकीसमोर बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"हे बगा भावजी. एका मानसाचं मयत मी एकदा करते, दोनदा न्हाई. तुमचं करून झालंय. तवा आता मी हाय तवर मरायचं न्हाई. चला, हातपाय धुवा आन् जेवाया बसा."