चार दिवस न गळलेला जोड

प्लंबर मकदूमभाईंना बोलवायचं नाही, हे मी मंगळवारी सकाळी चहाचा दुसरा कप संपता संपता ठरवलं. एवढाच काय तो माझा गुन्हा. बाकी जे झालं ते आपोआप होत गेलं.

आमच्या शुक्रवार पेठेत नळाला चार दिवसांआड पाणी येतं. ज्या दिवशी येतं त्याला आम्ही पाण्याचा दिवस म्हणतो, आणि त्या दिवशी गल्लीत कुणी आजारीसुद्धा पडत नाही. सोमवारी पाणी आलं तेव्हा महेश्वरीला (म्हणजे आमच्या मंडळींना) हौदाजवळ एक थेंब दिसला. रस्त्याकडून येणारा निळा पाइप जिथं आमच्या पाइपाला जोडलाय, तिथं प्लास्टिकचा एक जाडजूड नट आहे. त्याच्याखालून थेंब पडत होता. मी त्याच वेळी तिथंच उभा होतो आणि मला फक्त भरलेला हौद दिसत होता. आमच्या संसारात दिसण्याची वाटणी अशीच झालेली आहे.

"गळतंय की ओ," महेश्वरी म्हणाली. "मकदूमभाईंना फोन लावा. आता पाणी शनिवारी, आणि रविवारी बारसं हाय."

बारसं आमच्या नातीचं. धनलक्ष्मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि अक्कलकोटहून तिच्या सासरची साठ माणसं येणार होती. त्यात विहीणबाई नीलम्मा. लग्नात आमच्याकडचं प्यायचं पाणी कोमट होतं, ही हकीकत त्या दोन वर्षं न थकता सांगतायत. शनिवारी हौद भरला नाही, तर रविवारी साठ माणसांना पाणीच नाही. मग ती हकीकत थेट नातीच्या लग्नापर्यंत चालणार. लेकीला सासरी खाली मान घालून बसावं लागणार, आणि ते मात्र मला खरोखर सहन झालं नसतं.

पण एका थेंबासाठी प्लंबर? मी कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. सव्वीस वर्षं तिथले सगळे स्टेपलर मीच दुरुस्त करतो. मी मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. त्यातला माणूस नट खोलतो, आत रिंग बसवतो, नट लावतो आणि हसतो. व्हिडिओ सात मिनिटांचा होता. मी अडीच मिनिटांत बंद केला, कारण पुढं तो नुसतं किती आवळायचं तेवढंच सांगत बसला होता. आवळण्यात काय शिकायचंय?

हार्डवेअरच्या दुकानातून हातभर लांब पाना आणला. पांढऱ्या टेपची सहा रिळं मागितली, तर दुकानदार म्हणाला, "साहेब, ह्या जोडाला टेप लागतच न्हाय." (माल विकायला नाखूश असलेला दुकानदार मी पहिल्यांदाच पाहिला.) मी सहाही रिळं घेतली.

नट खोलला. आतून दोन रिंगा निघाल्या, एक खाचांची आणि एक रबराची. त्या कुठल्या क्रमानं निघाल्या हे बघायचं राहिलं, पण दोनच तर होत्या. अंदाजानं घातल्या. मग पाइपाला नवरदेवाला फेटा बांधावा तशी टेप गुंडाळली. नट चढवला, पाना लावला, एक पाय हौदाच्या कठड्याला टेकवला आणि आवळलं. नट कर्रर्र वाजला. तो आपलं म्हणणं मान्य करतोय असं समजून मी आणखी एक वेढा दिला.

नंतर जोडाखाली वर्तमानपत्र पसरून पाटावर बसलो. तासाभरानं कागद कोरडा. संध्याकाळी कोरडा. बुधवारी सकाळी कोरडाच.

"बघ," मी महेश्वरीला म्हणालो. "थेंब नाही."

"नशीब," ती म्हणाली. तिच्या मांडीवर नात होती, चुलीत बाळंतिणीच्या शेकाचे निखारे होते आणि डोक्यात साठ माणसांचा स्वयंपाक होता. एरवी तिनं नक्की विचारलं असतं की पाइपात पाणी कुठं आहे. (वाचकहो, तुमच्या हे केव्हाच लक्षात आलं असेल. आमच्या अख्ख्या गल्लीत कुणाच्याही आलं नाही. घरातले नळ वरच्या टाकीतून चालू होते, भांडी घासली जात होती. त्यामुळं पाणी आहे अशीच सगळ्यांची समजूत.)

बुधवारी संध्याकाळी समोरचे ईश्वरप्पा आले. कोरड्या कागदावर बोट फिरवून म्हणाले, "लई भारी केलाव की ओ, गुरुशांतअण्णा! आमचाबी जरा बघता का?"

त्यांचा जोड गळत नव्हता. पण पुढं गळला म्हणजे? मी पाना घेऊन गेलो. गुरुवारी त्यांच्या शेजारचे शिवकुमार, शुक्रवारी कोपऱ्यावरच्या रुक्सानाभाभी. प्रत्येक ठिकाणी मी दोन-दोन वेढे जास्तीचे दिले. कुठं शेंगाचटणी आणि कडक भाकरी, कुठं चहा-खारी. "नट असो की संसार," मी भाकरी मोडत सांगत होतो, "ढिला ठेवला की गळती लागलीच." ईश्वरप्पांनी मान डोलावली. शुक्रवारी ऑफिसातसुद्धा मी हे वाक्य दोनदा वापरलं.

शनिवारी सकाळी सहाला पाणी आलं. पाइपातून आधी हवेचा सुस्कारा आला, मग खोकल्यासारखं काहीतरी, आणि मग फाट्! नट मधोमध चिरला. पाण्याचा फवारा कंपाउंडवरून शेजारच्या वाळत घातलेल्या पापडांवर गेला. मी धावलो. हातानं धरलं तर पाणी बाहीतून आत शिरलं आणि लेंग्यातून बाहेर पडलं. नातीचं दुपटं गुंडाळलं तर दुपटंच उडून जास्वंदीवर जाऊन बसलं. शेवटी पाना लावून आणखी आवळायला गेलो, तेव्हा नटाचा अर्धा तुकडा सुटून हौदात पडला. त्या दिवशी आमच्या हौदात गेलेली ती पहिली वस्तू.

"अहोऽऽ! पाणी बंद करा!"

"कुठून बंद करू? ते महापालिका करते!"

तेवढ्यात समोरून आवाज आला, "गुरुशांतअण्णाऽ!" मग शेजारून. मग कोपऱ्यावरून रुक्सानाभाभींचा, "या अल्ला! भाईजान, ये क्या करके गये?" सगळी गल्ली मलाच हाक मारत होती, आणि इतकी मागणी मला आयुष्यात कधी नव्हती. मी ओलाचिंब उभा होतो. हौदाच्या तळाला वीतभर पाणी होतं. दारात धनलक्ष्मी बाळाला घेऊन उभी होती आणि हौदाच्या तळाकडं बघत होती. मला रडू येईल असं वाटलं.

फोन महेश्वरीनंच लावला. पाण्याच्या दिवशी मकदूमभाई पेठेतच फिरत असतात, त्यामुळं दहा मिनिटांत सायकल आली. त्यांनी आधी आमची स्कूटर बाजूला केली, तिच्याखालची फरशी उचलली आणि आतला कॉक फिरवला. फवारा थांबला. अकरा वर्षं मी त्या फरशीवर स्कूटर लावतोय.

मग त्यांनी जोड पाहिला. टेपचे वेढे उलगडता उलगडता त्यांचा चेहरा गंभीर होत गेला.

"क्या साब," ते म्हणाले, "इस नट ने तुम्हारा क्या बिगाड्या था?"

"थोडं घट्ट केलं होतं," मी म्हणालो.

"पाणी नट अडवत न्हाय, साब. रबराची रिंग अडवती. नटानं रिंगला नुसतं धरायचं असतं. तुम्ही तिचा गळाच दाबलाव. आणि रिंग उलटी घातली, ते आणि वेगळंच."

"चार दिवस गळला नव्हता पण!"

मकदूमभाईंनी माझ्याकडं पाहिलं. महेश्वरीनं पाहिलं. ईश्वरप्पा तोवर आमच्या अंगणात येऊन उभे होते, त्यांनीही पाहिलं. "चार दिवस पाणी कुटं होतं, अण्णा?" ईश्वरप्पा हळूच म्हणाले. हे त्यांनाही त्याच क्षणी सुचलं असावं, कारण बोलून झाल्यावर ते स्वतःच दचकले.

पाणी जायला तासभर उरला होता, आणि घरं होती चार. मकदूमभाईंनी विचारलं, आधी कुणाचं? ज्यांची भाकरी खाऊन मी त्यांचे नट फोडले होते, त्यांच्यापुढं कुठल्या तोंडानं बोलणार?

"आधी ह्यांचंच करा," ईश्वरप्पा म्हणाले. "उद्या लेकराचं बारसं हाय. पाव्हणे यायलेत." रुक्सानाभाभींनीही मान हलवली.

मकदूमभाईंनी पाइपाचं टोक सरळ कापलं, पुसलं, नवा नट आणि नव्या रिंगा ओळीनं चढवल्या, पाइप आतपर्यंत दाबला. नट हातानं आवळला. पान्यानं एक वेढा दिला आणि थांबले.

"बस? एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. आता कॉक सोडतो. पाणी आल्याबिगर जोड झाला म्हणायचा नसतो."

जोड कोरडा राहिला. मकदूमभाई पुढच्या घरांकडं पळाले. पाणी गेलं तेव्हा आमचा हौद अर्ध्याच्या वर भरला होता आणि बाकीच्या तिघांचे जेमतेम ओले झाले होते. महेश्वरीनं तिथल्या तिथं जाहीर करून टाकलं, की पुढच्या पाण्यापर्यंत तिन्ही घरांनी आमच्याच हौदातून पाणी न्यायचं. माझं मत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हेच म्हणालो असतो, पण कोण विचारतंय?

रविवारी बारसं झकास झालं. पाळणा झाला, नाव ठेवलं, पंगत बसली. पाणी पुरेल इतकं होतं, फक्त जपून वापरायचं होतं. माठातलं गार पाणी स्टीलच्या जगमध्ये भरून मी ऐटीत पंगतीकडं निघालो. एवढ्यात महेश्वरी आडवी आली.

"ते हिकडं द्या."

"अगं, यजमान आहे मी. पाहुण्यांना पाणी नको विचारायला?"

"पाण्याला तुम्ही हात लावू नका," ती म्हणाली. जग तिनं ईश्वरप्पांच्या हातात दिला आणि माझ्या हातात एक वाटी ठेवली. "तुम्ही मीठ वाढा."

मी वाटी घेतली. पंगतीत पहिल्याच पाटावर विहीणबाई नीलम्मा बसल्या होत्या. सगळ्या गल्लीनं त्यांना कालची हकीकत सांगून झालेली होती. मी वाकून चमचा पुढं केला, तशी त्यांनी ताटावर आडवा हात धरला.

"नको हो व्याही," त्या म्हणाल्या. "मला बीपी हाय."