हरवलेल्या डब्याचा तपास

“या जगात दोघांच्याच नजरेतून काही सुटत नाही. एक सूर्य, दुसरा मी,” भावोजी मिशीवरून बोट फिरवत म्हणाले. “त्यातही सूर्य संध्याकाळी रजेवर जातो.”

भावोजी एका विमा कंपनीत कारकून होते. ‘शोधसम्राट’ ही पदवी त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केली होती. मदतनिसाचं काम बिचाऱ्या मेव्हण्याच्या गळ्यात पडलं होतं, आणि या खेपेला तर फिर्यादीही तोच होता. त्याचा डबा हरवला होता.

डबा म्हणजे व्हिडिओ गेम. लहानपणी सगळ्या जगाकडे जो गेम होता तोच चुलतभावाकडे होता, आणि मेव्हण्याकडे मात्र हा! तो बनवणाऱ्या कंपनीने वर्षभरातच गाशा गुंडाळला. गल्लीतली सगळी पोरं चुलतभावाकडे जमायची, आणि ‘डबा’ हे नावही त्यानेच ठेवलेलं. आता इतक्या वर्षांनी तो दोन दिवस राहायला आला होता. मेव्हण्याने डबा माळ्यावरून काढला, पुसला, टीव्हीला जोडला. एकदा, फक्त एकदा, चुलतभावाला यावर हरवायचं होतं. आणि सकाळी बघतो तर डबा गायब! चुलतभाऊ दुपारी परत निघणार होता. जाण्याआधी त्यानेच तर फेकून दिला नसेल? या शंकेने मेव्हण्याला नाश्ता गोड लागला नाही.

भावोजींनी भिंग काढलं. “पहिला संशय भंगारवाल्यावर.”

“तो महिनाभर इकडे फिरकलेला नाही.”

“फरार आहे! किंवा हे त्या कंपनीचे हेर असतील. अपयशाचे पुरावे नष्ट करताहेत.”

“कंपनीच राहिली नाही, भावोजी.”

“बघा! किती सफाईने नष्ट केलेत.”

तेवढ्यात आई आली. “माझ्या शिलाई मशीनची खोळ कुणी पाहिली का रे?”

“दुसरी चोरी! म्हणजे टोळी आहे,” भावोजी टीव्हीजवळच्या कपातला चहा भुरकत म्हणाले. “आणि हा चहा केव्हाचा ठेवलाय, तरी गरमच. या घरात काहीतरी शिजतंय.”

बॅग भरणारा चुलतभाऊ उगाचच खोकला.

“जावईबापू, कप तिथं परत ठेवू नका,” आई म्हणाली. “खोळ तीच आहे.”

तिने खोळ उचलली. खाली डबा! तापलेला, लाल दिवा लागलेला.

“पुरावा जप्त!” भावोजींनी खसकन प्लग उपटला.

“अहो भावोजी! शेवटची पातळी होती!” चुलतभाऊ कळवळून ओरडला.

डब्याला स्मरणशक्ती नव्हती. बंद केला की खेळ पुन्हा पहिल्यापासून. म्हणून लहानपणी मेव्हणा डबा चालूच ठेवून, वर टॉवेल टाकून शाळेत जायचा. पहाटेपासून चोरून खेळणाऱ्या चुलतभावालाही तेच सुचलं होतं.

“डबा म्हणायचास ना?” मेव्हण्याने विचारलं.

“डबाच आहे,” चुलतभाऊ मान खाली घालून म्हणाला. “पण यातला तो पाण्याखालचा किल्ला... आमच्या गेममध्ये असलं काही नव्हतं रे.”

“चोराने कबुली दिली,” भावोजींनी जाहीर केलं. “माझ्या योजनेप्रमाणे.”

आईने खोळ झटकली आणि ती आत गेली. चुलतभावाने बॅग कोपऱ्यात सरकवली आणि प्लग पुन्हा लावला.

“दुसरी जॉयस्टिक कुठंय?”

मेव्हणा आतून ती घेऊन आला. तिच्यावरची प्लास्टिकची पिशवी अजून फाडलेलीसुद्धा नव्हती.