प्रश्न सातवा : विहिरीची खोली

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि कुणालाच काही कळत नव्हतं. हसू नका. पुढे ऐका.

त्या जंगलाची एक जुनी गोष्ट होती. गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. नसेल तर हाताची घडी घाला. फार पूर्वी तिथे एक सिंह होता. रोज एक प्राणी त्याच्याकडे जेवण म्हणून जायचा. एके दिवशी सशाची पाळी आली. ससा मुद्दाम उशिरा गेला आणि म्हणाला, "महाराज, वाटेत दुसऱ्या सिंहाने अडवलं." सिंह चिडला. सशाने त्याला विहिरीवर नेलं. सिंहाने वाकून पाहिलं, पाण्यात स्वतःचंच तोंड दिसलं, आणि त्याने उडी मारली. गोष्ट संपली. सिंहही संपला.

अशी गोष्ट घरात असल्यावर माणूस काय करतो? तिचा अभिमान बाळगतो. प्राण्यांनीही तेच केलं. विहिरीला चुना फासला. सशाची जयंती सुरू केली.

मग एक दिवस नवा सिंह आला. म्हणाला, "रोज एक."

सभा भरली. कुणी म्हणालं चिठ्ठ्या टाकू. कुणी म्हणालं म्हाताऱ्यांना आधी पाठवू. म्हातारे म्हणाले तरुणांचं मांस कोवळं असतं. तेव्हा एका पायावर उभे असलेले बगळोपंत दुसऱ्या पायावर आले. ते बगळे होते, पांढरे होते, आणि बराच वेळ न बोलता उभे राहू शकत होते. एवढ्यावर जंगलात माणूस विद्वान ठरतो.

"चिठ्ठ्या टाकणं रानटीपणाचं," पंत म्हणाले. "आपण परीक्षा घेऊ. सामान्यज्ञानाची. ज्याला सर्वांत कमी गुण, तो जाईल. यात अन्याय नाही. गुणवत्ता आहे."

"अभ्यासक्रम काय?" सगळ्यांनी विचारलं. सिंहाबद्दल कुणी काही विचारलं नाही.

"आपलीच गोष्ट," पंत म्हणाले.

टाळ्या पडल्या. सकाळी पंत पेपर काढू लागले, दुपारी तपासू लागले आणि मधल्या वेळात वर्ग घेऊ लागले. त्यांनी पुस्तिका काढली. पाचशे प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, शेवटी उत्तरतालिका. ससा सिंहाकडे किती वाजता पोहोचला? सशाचा डावा कान किती बोटं लांब होता? विहिरीच्या काठावर कोणतं झाड होतं? सिंह कोणत्या वारी पडला?

झाडाखाली रांगा करून प्राणी घोकू लागले. कोल्हा चालता चालता घोकायचा. रानडुक्कर चिखलात घोकायचं. हरणाच्या पाडसाला पहिला शब्द 'आई' यायच्या ऐवजी 'पर्याय ब' आला, आणि आईला भरून आलं.

सगळ्यांत पुढे होता शशांक. तो त्या जुन्या सशाच्या वंशातला. त्याला पाचशेच्या पाचशे उत्तरं येत. झोपेतून उठवून विचारलं तरी येत. तुम्ही म्हणाल, मग त्याच्या डोक्यात कसं आलं नाही की समोर सिंह आहे, मागे विहीर आहे, आणि आपण ससा आहोत? नाही आलं. तसा प्रश्न पुस्तिकेत नव्हता.

आता ठकूबाई. ठकूबाई गाढवीण होती. ती आणि तिचा भाऊ खंडू, दोघांनी उभा जन्म एका कुंभाराकडे ओझी वाहिली होती. म्हातारपणी कुंभाराने दोघांना रानात सोडून दिलं. दोघं एकमेकांना धरून राहिली. खंडू दिवसभर बोलायचा, ठकूबाई ऐकायची. दोघांचं छान चाललं होतं.

एके दिवशी पेपरात सातवा प्रश्न आला. विहिरीची खोली किती? अ, अठरा हात. ब, बावीस हात. क, तेवीस हात. ड, यांपैकी नाही.

खंडूने 'क' लिहिलं.

निकाल लागला. खंडूला सगळ्यांपेक्षा एक गुण कमी पडला.

"पंत," ठकूबाई म्हणाली, "ती विहीर आमच्या कुंभाराने उपसली होती. गाळ खंडूनेच पाठीवर वाहिला. गाळ काढल्यावर दोर सोडून बघितला, तर हातभर जास्त. तेवीस हात. तो तिथे उभा होता हो!"

"असेल," पंत म्हणाले. "उत्तरतालिकेत बावीस आहे."

"पण विहिरीत तेवीस आहे!"

"विहिरीने परीक्षा दिलेली नाही. हरकत असेल तर अर्ज करा. हरकतीवर सात दिवसांत निर्णय देतो."

नापास प्राण्याला संध्याकाळपर्यंत सिंहाकडे पोहोचायचं असे. सात दिवस कुठून आणणार? खंडू जाताना म्हणाला, "ठके, मी बरोबर होतो ना गं?"

"होतास रे," ती म्हणाली.

"मग झालं," असं म्हणून तो गेला. पण झालं नव्हतं. ठकूबाईला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटून झाल्यावर राग आला. भाऊ गेला तो गेला. पण तो बरोबर होता, एवढं तरी कुणीतरी चारचौघांत म्हणावं, असं तिला वाटलं. तेवढ्यासाठी ती वर्गात गेली. कोल्ह्याला म्हणाली, हरणाला म्हणाली, शशांकला म्हणाली. सगळे म्हणाले, "बाई, आमचा पेपर आहे."

दुसऱ्या दिवशी ठकूबाईने कोरा पेपर दिला. शून्य गुण मिळाले. पंतांनी "गाढवच शेवटी" असा शेरा मारला आणि तिला रवाना केलं.

ठकूबाई रमतगमत गेली. सिंह भुकेने लाल झाला होता.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. पुस्तिकेची पहिली प्रत पंतांनी सिंहाला भेट दिली होती. सिंहाला वाचनाची गोडी लागली. जेवण झालं की तो हाडूक चघळत उत्तरं पाठ करायचा. पुढे पुढे तर जेवणाला आलेल्या प्राण्याला तो आधी दोन-चार प्रश्न विचारायचा. प्राणी चुकला की त्याला कीव यायची. मग तो खायचा.

"उशीर का?" सिंह गरजला. "आणि वाटेत दुसरा सिंह भेटला असं सांगू नकोस. प्रश्न क्रमांक चार. मला येतो."

"नाही महाराज," ठकूबाई म्हणाली. "दुसरा सिंह कुठला? मी विहिरीवर थांबले होते. तेवीस हात खोल आहे."

"बावीस."

"तेवीस."

"बावीस! पर्याय ब!"

"पुस्तिकेत बावीस असेल महाराज. विहीर तेवीसच आहे. काल माझ्या भावाने हेच सांगितलं असेल तुम्हाला."

"सांगितलं ना! शेवटपर्यंत सांगत होता," सिंह म्हणाला. "हेकट होता. मला जेवण गोड लागलं नाही."

ठकूबाईने एकदा डोळे मिटले. मग उघडले.

"मला खाल तेव्हा मीही तेवीसच म्हणणार," ती म्हणाली. "आजही तुम्हाला गोड लागणार नाही. त्यापेक्षा एकदा बघून घ्या. इथे जवळच तर आहे."

विद्वानाला उपाशी ठेवा, तो सहन करतो. खोटं ठरवा, तो पाय आपटत चालू लागतो. सिंह पुढे, ठकूबाई मागे, अशी दोघं विहिरीवर आली.

सिंहाने वाकून पाहिलं. खाली एक सिंह दिसला.

"हे प्रतिबिंब," सिंह हसून म्हणाला. "प्रश्न क्रमांक पाच. त्या जुन्याला माहीत नव्हतं. अडाणी होता बिचारा. काढ दोर."

"दोर कुंभार घेऊन गेला."

"मग मोजायचं कसं?"

"मी कसं सांगू महाराज? मी शून्य गुणवाली."

सिंहाने विहिरीकडे पाहिलं. आतल्या दगडांना हात-हात अंतरावर खाचा होत्या. त्याने शेपटी सावरली, मागचे पाय आत सोडले, आणि पुढचा पंजा एकेका दगडावर टेकवत उतरू लागला.

"एक," सिंह म्हणाला. "दोन. तीन."

ठकूबाई काठावर उभी राहिली.

"नऊ. दहा. अकरा." इथे पाणी लागलं. सिंह थांबला. वर बघून म्हणाला, "गाढवे, मोजणी अर्धी सोडली तर ती ग्राह्य धरतात का?"

"नाही धरत महाराज. पंत फार कडक आहेत."

"बारा," सिंह म्हणाला, आणि त्याचं डोकं पाण्याखाली गेलं. पुढचं मोजमाप त्याने आतच केलं. थोडा वेळ बुडबुडे आले. मग तेही यायचे थांबले.

ठकूबाई काठावर बसली आणि हमसून हमसून रडली. सिंहासाठी नव्हे, मुलांनो. भावाच्या आठवणीने रडली. आता तरी म्हणतील, असं तिला वाटलं.

ती वर्गावर आली तेव्हा उजळणी चालली होती.

"तू परत कशी आलीस?" पंतांनी विचारलं. "परत येण्याची पद्धत नाही."

"सिंह मेला. विहिरीत बुडून मेला."

मग शशांक उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता.

"सर," तो म्हणाला, "मग उद्याचा पेपर?"

एकच गलका झाला. कोल्हा म्हणाला, माझी तीन वर्षांची तयारी आहे. हरिणी म्हणाली, पोराने खेळणं सोडलं, त्याचं काय? रानडुकराने तर तिथेच बसकण मारली. ठकूबाई एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली.

"अहो, उद्यापासून कुणी मरायचं नाही आता!" ती म्हणाली.

"ते ठीक आहे हो," कोल्हा म्हणाला. "पण पास कोण झालं ते कसं कळणार?"

"बरं, ते राहू दे," ठकूबाई म्हणाली. "माझं एवढंच मागणं आहे. खंडू बरोबर होता म्हणा. सिंहही तेच बघायला उतरला होता."

"सिंह तळाला लागला याचा दाखला आहे?" पंतांनी विचारलं. "नाही ना? आणि समजा, तेवीस धरले. मग आजवर ज्यांनी बावीस लिहिलं ते सगळे चुकले. म्हणजे या वर्गातले सगळे. मग काय, या सगळ्यांना नापास करू?"

वर्ग शहारला. "बावीस! बावीस!" असा घोष झाला.

"कुणाला नापास करू नका," ठकूबाई म्हणाली. "नुसतं म्हणा. एकदा. तो बरोबर होता."

कुणीही म्हटलं नाही. हरिणीने मान खाली घातली आणि पुस्तिकेचं पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी मोर्चा निघाला. परीक्षा झालीच पाहिजे, अशी घोषणा होती. पंतांनी मागणीला मान दिला आणि जाहिरात काढली. सिंह पाहिजे. एक बिबट्या आला होता, त्याला ठिपक्यांमुळे अपात्र ठरवलं. शेवटी डोंगरापलीकडचा एक सिंह मिळाला. त्याला अक्षरओळख नव्हती. पुस्तिका दिली तर त्याने ती हुंगली आणि बाजूला ठेवली.

"जेवण कधी?" त्याने विचारलं. एवढीच त्याची मुलाखत झाली.

पुस्तिकेची सुधारित आवृत्ती निघाली. तीत एकच प्रश्न नवा होता. मागच्या सिंहाला विहिरीवर कोणी नेले? अ, ससा. ब, कोल्हा. क, माकड. ड, वरील सर्व.

ठकूबाईने पेपर हातात घेतला आणि बराच वेळ त्या चार पर्यायांकडे पाहिलं. मग तिने खाली लिहिलं, 'मी.' नंतरचे प्रश्न तिने सोडवले नाहीत.

"पर्यायाबाहेर लिहिलंस," पंत म्हणाले. "पुन्हा शून्य. निघ आता."

ठकूबाई निघाली. सिंहाची गुहा उजवीकडे होती. फाट्यावर ती जरा थांबली. या सिंहाला वाचता येत नव्हतं, त्यामुळे त्याच्याशी वाद घालता येणार नव्हता, हे तिच्या लक्षात आलं. शिवाय आता या जंगलात तिचं कोण होतं? ती डावीकडे वळली. ओढा उतरली, चढण चढली, आणि जंगल संपलं. इतकं सोपं होतं ते. पण जंगल कुठे संपतं हे पुस्तिकेत नसल्यामुळे आजवर कुणी त्या बाजूला गेलंच नव्हतं. पलीकडे बाभळी होत्या आणि गवत होतं. तिने खाली मान घातली आणि चरायला सुरुवात केली.

इकडे सिंहाने दुपारपर्यंत वाट पाहिली. मग तो उठला आणि आवाजाच्या रोखाने चालू लागला.

वर्गात चाळीसजण खाली बघून घोकत होते. मागे सिंह येऊन उभा राहिला. पंतांनी मान वर केली.

"प्रवेश अर्ज भरलाय का?" त्यांनी विचारलं. मग त्यांना नीट दिसलं. पंत उडाले. पक्ष्यांना ती सोय असते.

"सर, आता काय करायचं?" शशांक ओरडला.

उंच फांदीवरून पंत म्हणाले, "घाबरू नका. प्रश्न नीट वाचा. चारांपैकी एकच पर्याय निवडा."

सगळ्यांनी पर्यायांची वाट पाहिली. त्या दिवशी वर्गात हजेरी पूर्ण होती. सिंहाने पुढच्या रांगेपासून सुरुवात केली.

तात्पर्य : मुलांनो, मन लावून पाठांतर करा आणि वर्ग कधी चुकवू नका. वर्ग चुकवणारे जन्मभर गाढवच राहतात. फक्त त्यांचा तो जन्म बराच लांबतो.