आप्पांच्या नावाची थुंकी

"पैज! हरेल त्यानं सलूनसमोर खुर्चीवर उभं राहून तीनदा ओरडायचं, मी गाढव!"

सलूनवाल्याने वस्तरा हवेत नाचवला. शेजारच्या टेलरने लगेच टाळी दिली. वाद टेलरच्या वडिलांवरून, आप्पांवरून होता. पंधरा वर्षं आप्पांची रक्तातली साखर काही केल्या खाली उतरत नव्हती. टेलर म्हणे, म्हातारा चोरून गोड खातो. सलूनवाला म्हणे, शक्यच नाही. साखरेच्या डब्याला कुलूप होतं आणि किल्ली टेलरच्या गळ्यात, मापाच्या टेपशेजारी.

मग टेलरच्या काडीसारख्या पोरीचीही साखर तेवढीच निघाली. डॉक्टरीणबाईंचं मधुमेहाच्या दुर्मीळ आनुवंशिक कारणांवर संशोधन चालू होतं. त्यांनी तीन नळ्या हातात दिल्या. "तिन्ही पिढ्यांची थुंकी हवी."

आप्पा आपली नळी घेऊन दाढीच्या निमित्ताने थेट सलूनमध्ये.

"तू थुंक बाबा यात. मशीन कायम माझ्याविरुद्धच साक्ष देतं."

सलूनवाला थुंकला. शेजारधर्म!

दोन महिन्यांनी फोन आला. आजोबांचा नमुना घरात कुणाशीच जुळत नव्हता.

टेलर मटकन खाली बसला. "म्हणजे मी... आई?"

आईने पदर खोचला. "काय म्हणायचंय तुला? पन्नास वर्षं या माणसाचे मोजे धुतेय मी!"

आरडाओरडा ऐकून सलूनवाला धावत आला. "काकू, थांबा! थुंकी माझी आहे!"

आगीत तेलच ओतलं मेल्याने. सगळं उलगडून सांगेपर्यंत आईची एक चप्पल त्याच्या पाठीत बसलीच.

पुन्हा नळी, पुन्हा वाट बघणं. आप्पा या वेळी मुकाट थुंकले. निकाल यायच्या तीन आठवडे आधी ते झोपेतच गेले.

डॉक्टरीणबाईंनी कागद टेलरपुढे सरकवला. "एका जनुकातला जन्मजात दोष. तिघांनाही. साखर थोडी चढलेलीच राहते, पथ्य पाळा, न पाळा. औषधही सहसा लागत नाही."

"म्हणजे आप्पा चोरून..."

"गोड खाऊन होत नाही हा दोष."

टेलरचा हात गळ्यातल्या किल्लीकडे गेला. "चहात चमचाभर चालली असती त्यांना?"

"चालली असती."

संध्याकाळी भरल्या रस्त्यात टेलर खुर्चीवर चढला.

"मी गाढव!" लोक हसले.

"मी गाढव!" पोरंटोरं टाळ्या पिटू लागली.

तिसऱ्यांदा त्याने तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. सलूनवाला दारात उभा होता. खरी नळी पहिल्याच खेपेला गेली असती, तर आप्पांनी हा निकाल स्वतःच्या कानांनी ऐकला असता. त्याने टेलरला हात धरून खाली उतरवलं. स्वतः खुर्चीवर चढला आणि तिसरी आरोळी त्याने ठोकली.