हरकत आली नाही

फायलीवर बसण्यात पंढरीनाथ खांडव्यांचा हात धरणारा अख्ख्या लखनऊत कुणी नव्हता! रेल्वेत इंजिनियर म्हणून जन्म काढला, त्यात एक गोष्ट ते पक्की शिकले होते. नको असलेल्या कागदाला ‘नाही’ म्हणायचं नाही, खणात ठेवायचा. आपली सही होत नाही तोवर कागद हलत नाही, आणि एक दिवस कागद पाठवणाऱ्याचीच बदली होते!

म्हणून अनिकेतचा ठराव आला तेव्हा ते नुसते मिशीत हसले.

ठराव ‘लतिका’बद्दल होता. लतिका म्हणजे पंढरीनाथांची बायको, आणि तिच्याच नावाचा मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम. लखनऊच्या मराठी मंडळाच्या सूचना हातानं लिहून लिहून तिची बोटं दुखायची, म्हणून मानक नगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये बसून त्यांनी तो बनवला. सगळ्यांना फुकट, आतला कोडसुद्धा खुला. कुणीही वापरा, कुणीही सुधारा! सुधारणारे गावोगावचे जमले. मग लतिकाबाई गेल्या आणि प्रोग्रॅम तेवढा राहिला. कॉम्प्युटर लावला की पडद्यावर ‘लतिका’ उमटायचं, आणि पंढरीनाथांना घरात कुणीतरी असल्यासारखं वाटायचं. त्या रिकाम्या घरात त्यांना दुसरं होतं काय?

आता या सुधारणाऱ्यांचा कारभार बघणाऱ्या पुण्याच्या अनिकेतनं प्रोग्रॅमच्या साइटवर लिहिलं होतं: प्रोग्रॅम सगळ्यांचा झालाय, कुणाचं घरगुती नाव नको, ‘अक्षरवाट’ ठेवू या.

“बघच आता त्यांची कशी जिरवतो!” पंढरीनाथ फोनवर मुलाला म्हणाले.

“क्या करेंगे, बाबा?” सुश्रुतनं विचारलं.

“काहीच नाही! बसू देत वाट बघत!”

पुढच्याच आठवड्यात त्यांनी कॉम्प्युटर लावला आणि पडद्यावर ठसठशीत उमटलं: ‘अक्षरवाट’!

“अरे, माझी सही कुठाय?” ते फोनवर गरजले.

“सर, सही लागत नाही,” अनिकेत अदबीनं म्हणाला. “आठ दिवसांत हरकत आली नाही तर ठराव मंजूर, असा आपला नियम आहे.”

“कुणी केला हा नियम?”

“आपणच सगळ्यांनी, मागच्या वर्षी. तुमचीही हरकत आली नव्हती, सर.”

पंढरीनाथांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. पण हार मानतील तर ते खांडवे कसले! त्यांनी फेरविचार मागितला. अनिकेत म्हणाला, लोकांचा कौल घेऊ. झालं! पंढरीनाथांनी मराठी मंडळाला साकडं घातलं. छावणीतले माधवराव धावले, बख्शी का तालाबचे एअरफोर्सवाले धावले, सगळे इमानेइतबारे साइटवर पोचले. आणि मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सुप्रभातापासून श्रद्धांजलीपर्यंत सगळ्याला जे करतात, तेच त्यांनी इथंही केलं. वरचा पहिला मजकूर दिसला की अंगठा! आणि वरचा पहिला मजकूर होता अनिकेतचा ठराव.

“माधवराव, अहो, विरोध करायचा होता!”

“अच्छा? मी तर ‘वाचलं’ म्हणून अंगठा दिला, यार!”

‘लखनऊकरांच्या भरघोस पाठिंब्याबद्दल आभार,’ असं अनिकेतनं लिहिलं. शेजारी गुलाबाचं फूल!

त्या संध्याकाळी पंढरीनाथांनी ताट बाजूला सारलं. साताऱ्याहून चार दिवस राहायला आलेली मेहुणी, विनया, समोर बसून भेंडी पुसत होती.

“काय माणसं आहेत!” पंढरीनाथांचा आवाज फुटला. “बाईमाणसाचं नाव, तिला न विचारता परस्पर बदलून टाकायचं? जनाची नाही, मनाची तरी? अगं, तेवढं नावच तर उरलं होतं माझ्याकडे!”

विनयानं भेंडी खाली ठेवली.

“भावोजी, ताईचं नाव विभा होतं.”

“हां, ते माहेरचं.”

“तिचंच होतं हो ते. लग्नात ताम्हनात तांदूळ पसरून तुम्ही अंगठीनं ‘लतिका’ लिहिलंत. तुमच्या आत्याला आवडलं म्हणून. ताईला कुणी विचारलं होतं?”

“पण ती काही बोलली नव्हती!”

“नव्हतीच बोलली. मग काय, ठराव मंजूर.” विनयानं पुन्हा भेंडी उचलली. “मला मात्र फोन केला की शेवटपर्यंत ‘विभा बोलतेय’ म्हणायची.”

इतकी वर्षं एका छताखाली काढली, आणि हे पंढरीनाथांना ठाऊकच नव्हतं.

सकाळी उठून त्यांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. स्वतःहून कागद पुढे सरकवला! साइटवर ठराव टाकला: ‘अक्षरवाट’ काढून प्रोग्रॅमला माझ्या पत्नीचं खरं नाव, ‘विभा’, द्यावं. आता आठ दिवस कुणी तोंड उघडू नये, एवढीच त्यांची देवाला विनवणी होती.

चहा निवायच्या आत हरकत आली! अनिकेतनं लिहिलं होतं: ‘सर, नाव छान आहे. फक्त, एखाद्या व्यक्तीचं नाव द्यायचं तर त्या व्यक्तीची संमती लागते. आपण त्यांना विचारलं होतं का?’

पंढरीनाथांनी टेबलावरच्या फोटोकडे पाहिलं. फोटोतली बाई नेहमीसारखीच गप्प होती. पण तो होकार समजायची, या वेळी मात्र, खांडवेसाहेबांची काही छाती झाली नाही!