आधी कोण उठणार?

"अहो, अजून उठले नाहीत ते?" मॅनेजरच्या बायकोने फुलांची टोपली दाणकन खाली ठेवली. "सहाला लग्न आहे आपल्या पोरीचं! याच हॉलमध्ये!"

"करार कधीच झाला गं! सह्यासुद्धा झाल्या!" हॉटेलचा मॅनेजर रडकुंडीला आला होता. "आधी कोण उठणार, यावर अडलंय!"

दोन बडी राष्ट्रं एका समुद्राच्या वाटणीवरून वर्षभर भांडत होती. इथे आल्यावर समुद्र सकाळीच वाटून झाला. पण जो आधी उठेल तो दबला, असं उद्या पेपरात छापून येणार ना! म्हणून इकडचे मिशीवाले मंत्री आणि तिकडचे टकलू मंत्री खुर्च्यांना चिकटून बसले होते. बाहेर सजावटवाले शिड्या घेऊन ताटकळत होते.

मॅनेजरने हॉलचा एसीच बंद केला. मंत्र्यांच्या कपाळांवरून घाम निथळायला लागला.

"छान ऊब आहे," मिशीवाले म्हणाले.

"ऊब कसली? मला तर थंडी वाजतेय!" म्हणत टकलूंनी कोटाचं वरचं बटण लावलं.

मग मॅनेजरने चहाचा मारा सुरू केला. पोटात एवढा चहा गेल्यावर माणूस बसून बसून किती बसेल? पण मिशीवाल्यांनी दुसरा कप घेतला की टकलू तिसरा मागत. टेबलाखाली दोघांचे पाय थयथय नाचू लागले, वर चेहरे मात्र ढिम्म! मॅनेजरने कपाळाला हात लावला.

"सरका तुम्ही!" बायको म्हणाली आणि लग्नाच्या फोटोग्राफरला मनगटाला धरून तरातरा आत शिरली. "चला, फोटो! तीन म्हटलं की दोघांनी एकदम उभं राहायचं. एक... दोन... तीन!"

दोघे ताडकन उठले! फ्लॅश उडाला आणि दोन्ही महासत्ता बाथरूमकडे अशा धावत सुटल्या की विचारू नका! सजावटवाले आत घुसले. सुटका झालेल्या मंत्र्यांनी खूश होऊन लग्नाला थांबायचंही कबूल केलं आणि पुढच्या रांगेत जागा धरली.

सहाला नवरदेवाची गाडी दारात आली. पण त्याची आई काही गाडीतून उतरेना.

"मुलीच्या आईने इथवर यावं, मगच मी उतरेन," तिने निरोप धाडला.

"आधी त्यांना उतरू दे, मग मी पायरी उतरते!" मॅनेजरची बायको दारातच खांबासारखी उभी राहिली.

"अगं, मुहूर्त टळेल! आणि मघाशी तूच ना त्या दोघांना..."

"ते वेगळं! ते नुसते देश होते. ही विहीणबाई आहे!"

मॅनेजर दार ते गाडी, गाडी ते दार असा धावत राहिला. आत पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या रांगेत मंत्र्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"फोटोग्राफर कुठाय?" म्हणत मिशीवाले तटकन उठले.

ते आधी उठले होते. पण टकलूंच्या ते लक्षातही आलं नाही, कारण तेही फोटोग्राफरच्या नावाने हाका मारत दाराकडे पळत होते.